सांगलीच्या पेठेत मेक्सिकन स्वयंपाकाचे सामान कसे मिळवावे

सांगली-मिरजेत राहून मेक्सिकन स्वयंपाक करू पाहणाऱ्याची पहिली अडचण सामानाची असते. पाककृतीत ग्वाहियो, आंचो, मासा हरिना, तोमातियो, पिलोन्सियो अशी नावे असतात, आणि ती यादी घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात उभे राहिले, की दुकानदार अर्ध्या यादीवरच नकारार्थी मान हलवतात. मग आपण एक तर सगळे सामान ऑनलाइन महाग भावाने मागवतो, किंवा मॉलमधले ‘मेक्सिकन सीझनिंग’चे पाकीट आणून सिमला मिरची आणि राजम्यावर भुरभुरतो. दोन्ही गोष्टींची फारशी गरज नाही. या यादीतल्या बऱ्याच वस्तू सांगली आणि सातारा जिल्ह्यांतच पिकतात किंवा विकल्या जातात. त्या एकाच दुकानात मात्र मिळत नाहीत, आणि मेक्सिकन नावाने मागितल्या तर कुठेच मिळत नाहीत.

याचे कारण इतिहासात आहे. मिरची, मका, टोमॅटो, घेवडा, लाल भोपळा आणि राजगिरा ही सगळी पिके मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या अमेरिकन प्रदेशांतली आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर यांतली बरीच पिके हळूहळू घाटावर पोहोचली आणि आपल्या रोजच्या जेवणाचा भाग झाली. उपवासाला आपण राजगिऱ्याच्या लाह्यांची गुळातली वडी खातो, तशीच वडी मेक्सिकोत ‘अलेग्रिया’ या नावाने रस्त्यावर विकली जाते. त्यामुळे खरे काम आहे ते प्रत्येक वस्तू कोणत्या वनस्पतीची आहे, तिच्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे आणि पदार्थात ती काय करते, हे समजून घेण्याचे. एवढे समजले की कोणत्या दुकानात काय मागायचे, ते आपोआप ठरते.

पहिली पायरी: यादीचे तीन भाग करा

दुकानात जाण्यापूर्वी पाककृतीतली यादी कागदावर तीन भागांत लिहावी. पहिल्या भागात आपल्याकडे जशाच्या तशा मिळणाऱ्या वस्तू येतात: कोथिंबीर, कांदा, लसूण, जिरे, कागदी लिंबू, लाल भोपळ्याच्या बिया, गूळ, चिंच. यांतल्या लिंबाबद्दल मुद्दाम सांगावेसे वाटते. मेक्सिकोत रोज वापरले जाणारे छोटे, पातळ सालीचे, आंबट लिंबू आणि आपले कागदी लिंबू ही एकाच जातीची फळे आहेत, तेव्हा इथे पर्याय शोधण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या भागात कच्चा माल आपल्याकडे आहे, पण त्यावरची प्रक्रिया आपल्याला करावी लागेल अशा वस्तू लिहाव्यात. चुन्यात शिजवलेला मका, धूर दिलेली मिरची आणि विरजलेली साय या त्यांपैकी प्रमुख आहेत. तिसऱ्या भागात खरोखर बाहेरून मागवाव्या लागणाऱ्या वस्तू राहतात, आणि पहिले दोन भाग नीट केले तर हा तिसरा भाग दोन-तीन ओळींपेक्षा मोठा होत नाही.

दुसरी पायरी: कोणती वस्तू कुठल्या दुकानात

आपल्या गल्लीतले किराणा दुकान हे या शोधातल्या अनेक ठिकाणांपैकी एक आहे. अख्खी मिरची मिरचीच्या आणि मसाल्याच्या दुकानात चांगली मिळते, आणि त्यासाठी गणपती पेठेत एक फेरी मारावी, कारण तिथे घाऊक व्यापारी असल्याने एकाच जातीच्या मिरचीचे दोन-तीन दर्जे शेजारी-शेजारी पाहता येतात. मक्याचे सुके दाणे मार्केट यार्डाच्या परिसरातल्या धान्य दुकानांत मिळतात. खाण्याचा चुना पानपट्टीवर मिळतो. कोको पावडर बेकरीचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते, तर शेंद्रीच्या बियांसारख्या वस्तू काष्ठौषधी विकणाऱ्यांकडे विचाराव्यात. केळीची पाने, भोपळ्याची फुले आणि घोळ यांसाठी मंडई किंवा मिरजेचे लक्ष्मी मार्केट गाठावे, आणि तेही सकाळी लवकर.

मागताना वस्तूचे वर्णन करावे. ‘काका, ग्वाहियो आहे का?’ या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. ‘काका, रंगाला गडद, चवीला जरा गोडसर आणि तिखटाला कमी अशी अख्खी मिरची दाखवा, साल जाड हवी, रस्सा दाट करायचा आहे’ असे म्हटले, तर मिरचीचा व्यापारी आपणहून दोन पोती उघडतो. एका जुन्या व्यापाऱ्यांनी माझ्यासमोर एक ब्याडगी देठाशी मोडली, आतल्या बिया हातावर झटकल्या, साल नाकाशी नेऊन वास घेतला आणि ‘ही गेल्या वर्षाची आहे, रंग देईल, वास देणार नाही’ असे सांगून बाजूला ठेवली. हे ज्ञान पाकिटावर छापलेले नसते, म्हणून सुटी मिरची विकणाऱ्याशी ओळख ठेवणे मी फार मोलाचे मानतो.

तिसरी पायरी: मिरची

मेक्सिकन रश्शात सुकी मिरची तिखटपणापेक्षा रंग, दाटपणा आणि चव यांसाठी जास्त घातली जाते. म्हणून आपल्या मिरच्यांची जुळणी करताना तिखटपणाबरोबर सालीची जाडी आणि गोडसरपणाही पाहावा.

ग्वाहियो ही मध्यम आकाराची, तांबूस, गुळगुळीत सालीची मिरची आहे. तिचा तिखटपणा साधारण २,५०० ते ५,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजण्याचे एकक) इतकाच असतो. तिच्या जागी ब्याडगी वापरावी. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कर्नाटकाची सीमा जवळ असल्यामुळे सांगली-मिरजेत ती सहज मिळते. ब्याडगीत दोन प्रकार असतात. कड्डी ही लांब, बारीक आणि सुरकुतलेली असते, तर डब्बी ही आखूड, फुगीर, रंगाला अधिक आणि तिखटाला कमी असते. ग्वाहियोच्या जागी कड्डी चालते. ब्याडगी ग्वाहियोपेक्षा थोडी तिखट लागते, म्हणून बिया आणि आतल्या शिरा पूर्ण काढाव्यात.

आंचो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो मिरची. तिला मनुकांसारखा गोड, गडद वास असतो, आणि आपल्या कोणत्याही एका मिरचीत तो नसतो. माझा उपाय असा: डब्बी ब्याडगी घ्यावी आणि दर सहा-सात मिरच्यांमागे सात-आठ काळसर बेदाणे गरम पाण्यात भिजवून तिच्याबरोबर वाटावेत. तासगाव-सांगलीचा बेदाणा भौगोलिक मानांकन मिळालेला आहे आणि आपल्या दारातच मिळतो. त्यातला हिरवा, उजळ बेदाणा खीर-शिऱ्यासाठी ठेवावा. रश्शासाठी तपकिरी, जास्त पिकलेला आणि भावाने स्वस्त असलेला बेदाणा अधिक योग्य ठरतो. मोले या मेक्सिकन रश्शात बेदाणे मुळातच असतात, त्यामुळे ही जोडणी त्या चवीच्या बाहेर जात नाही.

चिले दे आर्बोल ही बारीक आणि खरी तिखट मिरची असते, साधारण १५,००० ते ३०,००० स्कोव्हिलची. तिच्या जागी लवंगी किंवा गुंटूरची बारीक मिरची घ्यावी, आणि ती पाककृतीत सांगितलेल्या संख्येच्या निम्म्याने सुरू करावी. संकेश्वरी आपल्याकडच्या कांदा-लसूण मसाल्यात उत्तम लागते, पण मेक्सिकन रश्शात तिचा तिखटपणा इतर चवींवर चढतो, म्हणून मी ती इथे वापरत नाही.

चिपोत्ले म्हणजे लाल होईपर्यंत पिकवून, धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची. डबाबंद चिपोत्ले मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळते आणि ते आणणे सर्वांत चांगले. ते नसेल, तर भिजवून बिया काढलेल्या डब्बी मिरच्यांना आपल्या नेहमीच्या धुंगाराच्या पद्धतीने धूर द्यावा: पातेल्यात मिरच्या, मध्ये वाटीत पेटता कोळसा, त्यावर तेलाचे चार थेंब आणि वर घट्ट झाकण. दहा मिनिटांनी कोळसा बदलून पुन्हा एकदा धूर द्यावा. मग मिरच्या टोमॅटो, थोडा गूळ, व्हिनेगर आणि लसूण यांच्याबरोबर वाटून तेलात परताव्यात. गावाकडे चूल पेटत असेल, तर मिरच्यांची माळ चुलीच्या वर काही दिवस टांगून ठेवल्याने याहून खोल वास येतो.

कोणतीही सुकी मिरची घेताना ती वाकवून पाहावी. चांगली मिरची चामड्यासारखी वाकते, तर फार जुनी मिरची हातात चुरा होते. पांढरट डागांची फटकी मिरची स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण तो डाग बऱ्याचदा बुरशीचा असतो आणि रश्शात त्याचा कुबट वास उतरतो. रंग लावल्याची शंका आली, तर तेलात बुडवलेला कापूस सालीवर घासून पाहावा. अख्ख्या मिरचीच्या वरच्या सालीवरून भरपूर लाल रंग लगेच निघाला, तर ती परत करावी.

वापरण्याची रीत सगळ्या जातींना सारखी आहे. देठ आणि बिया काढून मिरची कोरड्या तव्यावर पंधरा-वीस सेकंद, वास सुटेपर्यंत शेकावी. ती काळी पडली तर रस्सा कडू होतो, म्हणून ती तव्यावर सोडून दुसरीकडे जाऊ नये. मग ती गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवावी, वाटावी, गाळणीतून गाळावी आणि ते वाटण गरम तेलात रंग गडद होईपर्यंत परतावे. गाळण्याचा कंटाळा करू नये, कारण ब्याडगीची साल कितीही वाटली तरी जिभेला लागते.

चौथी पायरी: मका, चुना आणि टॉर्टिया

सर्वांत जास्त लोक इथेच अडतात. गिरणीतून मक्याचे पीठ आणून टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ मेक्सिकन पोळ्या, करायला घेतल्या, तर त्या कडेने फाटतात आणि तव्यावर तुटतात. दुकानातले कॉर्नफ्लॉवर तर मक्याचा निव्वळ स्टार्च असतो आणि त्याचा इथे काही उपयोग नाही. मेक्सिकन टॉर्टियाचे पीठ, म्हणजे मासा, चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजवलेल्या मक्याचे असते. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात बांधलेले नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपात मका गेला पण ही पद्धत गेली नाही, त्यामुळे मक्यावरच जगणाऱ्या गरीब लोकांमध्ये पेलाग्रा हा आजार पसरला. तेव्हा ही पायरी चवीपुरती आहे असे समजून गाळू नये.

मका घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. दाणे खाण्यासाठीचे असावेत. पेरणीच्या बियाण्याला गुलाबी किंवा निळे औषध चोळलेले असते आणि ते विषारी असते, म्हणून रंगीत दाणा कधीही घेऊ नये. आपल्या भागात पुष्कळ मका कोंबड्यांच्या खाद्यासाठी जातो आणि त्यात कधी कधी बुरशी लागलेले दाणे असतात, म्हणून दाणे ताटात पसरून काळे, हिरवट आणि कुबट वास येणारे काढून टाकावेत, आणि तसे दाणे फार असतील तर तो माल घेऊच नये. पांढरा मका मिळाला तर तो घ्यावा, नाहीतर पिवळा चालतो. डोक्याला खळगा पडलेला दाणा गुळगुळीत, कडक दाण्यापेक्षा लवकर शिजतो आणि मऊ वाटला जातो.

प्रमाण असे आहे: १ किलो मका, ३ लिटर पाणी आणि १० ग्रॅम कोरडा खाण्याचा चुना. पानपट्टीवरचा चुना ओला असतो, त्यामुळे तो साधारण दुप्पट वजनाने घ्यावा. तो साधा, सुगंध न घातलेला मागावा. भिंतीला लावायचा चुना स्वयंपाकात चालत नाही. भांडे स्टीलचे घ्यावे, कारण ॲल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते. चुना आधी वाटीभर पाण्यात कालवून मग पातेल्यात ओतावा, लहान मुलांपासून दूर ठेवावा आणि डोळ्यांजवळ हात नेऊ नये.

मका चुन्याच्या पाण्यात टाकून पाण्याला उकळी आणावी आणि मंद आचेवर ३० ते ४५ मिनिटे शिजू द्यावे. थोड्या वेळात दाण्यांचा रंग गडद पिवळा होतो आणि ओल्या मातीसारखा वास सुटतो. एक दाणा काढून दोन बोटांत चोळावा: साल घसरून निघाली आणि दाणा मधोमध अजून किंचित कच्चा असला, की आच बंद करावी. झाकण ठेवून रात्रभर, ८ ते १२ तास तसेच ठेवावे. सकाळी पाणी टाकून द्यावे आणि दाणे दोन-तीन पाण्यांत चोळून धुवावेत. धुताना सगळी साल काढण्याच्या मागे लागू नये, कारण थोडी साल राहिली तर पीठ चांगले मळले जाते.

आता दळणे. इडलीचे दगडी ग्राइंडर घरी असेल तर सर्वांत सोपे, आणि पाटा-वरवंटा असेल तर तो मेक्सिकोतल्या ‘मेताते’ या दगडाच्या फार जवळचा आहे. मिक्सरमध्ये वाटताना एकेक मूठ दाणे घ्यावेत, पाणी चमच्याने घालावे आणि भांडे तापले की थांबावे. पाणी जास्त झाले तर पीठ सैल होते आणि दाबताना प्लॅस्टिकला चिकटते.

गिरणीवाले ओला माल घेत नाहीत, हे खरे. त्यावर उपाय आपल्या उन्हाळी वाळवणातच आहे. मार्च-एप्रिलमध्ये चुन्यात शिजवून धुतलेला मका स्वच्छ कापडावर पातळ पसरून कडक उन्हात वाळवावा. दाणा दाताखाली कडकन तुटला पाहिजे, कारण ओलसर दाण्याने गिरणीचे दगड बुजतात आणि पिठालाही बुरशी येते. असा मका घरगुती गिरणीतून बारीक दळून आणला, की घरची मासा हरिना तयार होते. ती डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवली, तर हवी तेव्हा कोमट पाण्यात भिजवून वापरता येते. चुना घातलेला मका दळायचा आहे हे गिरणीवाल्यांना आधी सांगावे आणि आपल्यानंतर ज्वारी-बाजरीचे दळण असेल, तर आपला मका शेवटी घ्यायला लावावा.

मळलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून पोळपाटाने किंवा पुरीच्या यंत्राने दाबावा. कडा फाटल्या तर पाण्याचा हात लावून पीठ पुन्हा मळावे. तवा भाकरीला तापवतो तसा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू वीसेक सेकंद, दुसरी जवळजवळ मिनिटभर आणि मग पुन्हा पहिली बाजू, एवढ्यात टॉर्टिया फुगते. भाकरीसारखे वरून पाणी फिरवायचे नाही. झालेल्या टॉर्टिया कापडात गुंडाळून दहा मिनिटे ठेवल्या, की वाफेने मऊ होतात आणि दुमडताना मोडत नाहीत.

घाईच्या दिवशी साध्या मक्याच्या पिठाची उकड काढून त्याच्या टॉर्टिया करता येतात. त्या फाटत नाहीत, पण चुन्याचा तो खास वास त्यांत येत नाही.

पाचवी पायरी: घेवडा

मेक्सिकन ‘फ्रिहोलेस’साठी, म्हणजे शिजवलेल्या घेवड्यासाठी, लोक गडद लाल राजमा घेतात, आणि त्यात काही चूक नाही. तरी सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा मिळत असताना मी तोच निवडतो. त्याच्या दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात, साल पातळ असते, चव गोडसर असते आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. मेक्सिकोच्या उत्तर भागात खाल्ल्या जाणाऱ्या ठिपकेदार पिंटो घेवड्याचा तो अगदी जवळचा नातेवाईक आहे, आणि शिजल्यावर दोघेही सारखेच तपकिरी होतात. सांगलीच्या दुकानांत तो नेहमी नसतो. साताऱ्याकडे जाणारे कोणी असेल, तर दोन किलो आणायला सांगावा आणि घेताना ‘या वर्षीचा आहे का’ हे विचारावे, कारण जुना घेवडा कितीही भिजवला तरी कडकच राहतो.

घेवडा ८ तास भिजवून ते पाणी टाकावे आणि नव्या पाण्यात कुकरला शिजवावा. कच्च्या घेवड्यात पोट बिघडवणारे द्रव्य असते, त्यामुळे मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट शिजवू नये. निदान १० मिनिटे खळखळून उकळलाच पाहिजे. काळ्या घेवड्याच्या जागी काळे उडीद घालू नयेत, कारण ते बुळबुळीत होतात आणि चव पूर्ण वेगळी लागते.

सहावी पायरी: मंडई

हिरव्या साल्साला, म्हणजे मेक्सिकन हिरव्या चटणीला, तोमातियो ही हिरव्या टोमॅटोसारखी दिसणारी आंबट फळे लागतात आणि ती आपल्याकडे नसतात. मंडईत टोमॅटो विकणाऱ्या मावशींकडे कडक, पूर्ण हिरवे टोमॅटो मागावेत; हिरव्या टोमॅटोची चटणी आपल्या घरांत होते, त्यामुळे त्या लगेच पाटीतून वेगळे काढून देतात. ते टोमॅटो, कांदा, लसूण आणि हिरवी मिरची तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून, कोथिंबीर आणि एका लिंबाच्या रसाबरोबर जाडसर वाटावेत. तोमातियोच्या कुळातल्या रानटी पोपटीची कच्ची फळे वापरण्याचा मोह होऊ शकतो, पण ती पोटाला बाधतात, म्हणून टाळावीत.

घोळ ही भाजी मेक्सिकोत ‘वेर्दोलागास’ या नावाने हिरव्या साल्सात शिजवली जाते. आपण तिची पातळ भाजी करतो. वनस्पती एकच आहे, आणि तिचा आंबटसर बुळबुळीतपणा या साल्सात फार छान मिसळतो. भोपळ्याची फुलेही तशीच: पाकळ्या धुवून, आतला केसर काढून, कांद्यावर परतून टॉर्टियात चीजबरोबर भरतात. ती पावसाळ्यात गावाकडच्या बायका मंडईत आणतात, आणि सांगून ठेवले तर दुसऱ्या दिवशी ताजी देतात. तामालेस (पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे गोळे) गुंडाळायला मक्याच्या कणसांच्या साली वाळवून ठेवता येतात, पण ओआहाका आणि युकातान भागांत केळीच्या पानांतही तामालेस करतात, आणि केळीचे पान आपल्याकडे बारा महिने मिळते.

ॲव्होकाडो आता सांगलीतल्या मोठ्या फळवाल्यांकडे दिसतो. काही विक्रेते त्याला बटर फ्रूट म्हणतात. कडक फळ घेऊन केळ्याबरोबर कागदी पिशवीत दोन-तीन दिवस ठेवावे आणि देठाजवळ दाबून मऊ लागले की वापरावे. त्याला चांगला पर्याय मला माहीत नाही.

सातवी पायरी: सारख्या दिसणाऱ्या वस्तूंची गफलत टाळा

अचिओते हा लाल रंगाचा मसाला म्हणजे शेंद्रीच्या झाडाच्या बिया. काष्ठौषधीच्या दुकानात ‘शेंद्रीच्या बिया’ असे स्पष्ट म्हणावे आणि बिया डोळ्यांनी पाहूनच घ्याव्यात. पूड कधीही घेऊ नये. देवाला लावायचा शेंदूर हा शिशाचा असू शकतो आणि तो पोटात गेला तर विषबाधा होते. ही गफलत जिवावर बेतू शकते, म्हणून दुकानात गर्दी असली तरी दोनदा विचारावे.

चिया मागितल्यावर काही वेळा सब्जा दिला जातो. सब्जाचा दाणा एकसारखा काळा असतो. चियाच्या दाण्यांत राखाडी, तपकिरी आणि पांढरट छटा मिसळलेल्या असतात. मेक्सिकन दालचिनी ही पातळ, अनेक पदरांची आणि बोटांनी चुरता येणारी असते. किराण्यात मिळणारी जाड, कडक साल दुसऱ्या झाडाची असते, म्हणून मसालेवाल्यांकडे कोकणातली पातळ दालचिनी मागावी. ऑलस्पाइस या मसाल्याच्या नावाने कबाबचिनी दिली तर घेऊ नये. त्याऐवजी लवंग, मिरी आणि दालचिनी एकत्र कुटून थोडी वापरावी. हामाइका सरबताला लाल अंबाडीची सुकी बोंडे लागतात आणि त्यांच्या जागी जास्वंदीची फुले चालत नाहीत. पिलोन्सियोच्या, म्हणजे मेक्सिकन गुळाच्या, जागी आपला गूळ, पण पिवळाधमक न घेता काळपट घ्यावा, कारण त्यात उसाची मूळ चव अधिक राहते. मेक्सिकन ओरेगानो नेहमीच्या पिझ्झा ओरेगानोहून वेगळ्या झाडाचा असतो. साध्या ओरेगानोत चिमूटभर ओवा चुरडून घातला, की त्याच्या जवळ जाता येते.

दुधाच्या पदार्थांचे फार सांगायला नको. केसो फ्रेस्को या ताज्या चीजच्या जागी मीठ लावून कुस्करलेले पनीर, आणि क्रेमा या आंबटसर सायीच्या जागी विरजण लावलेली साय मीठ-लिंबू घालून फेटून घ्यावी. लोणी काढण्यासाठी आपण साय विरजतोच, त्यातली दोन डाव बाजूला काढली की झाले.

आठवी पायरी: बाहेरून मागवायचे ते एकत्र मागवा

आता यादीत बहुधा डबाबंद चिपोत्ले, हालापेन्योची बरणी आणि वेळ नसेल तर तयार मासा हरिना एवढेच राहते. मासा हरिनाच्या पाकिटावर घटकांत मका आणि चुना या दोनच गोष्टी असाव्यात. ‘कॉर्न टॉर्टिला’ असे लिहिलेल्या तयार पोळ्यांत पुष्कळदा मैदाच मुख्य असतो, म्हणून घटकांची यादी पहिल्या शब्दापासून वाचावी. आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, १४ अंकी अन्न परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख असल्याशिवाय तो घेऊ नये.

ओळखीच्या दुकानदाराला एकट्यासाठी एक डबा मागवायला सांगितले तर ते परवडत नाही. चार-पाच घरांची मागणी एकत्र करून, आगाऊ पैसे देऊन सांगितले तर पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून नेहमीच्या मालाबरोबर तो मागवला जातो. चिपोत्लेचा डबा उघडल्यावर त्यातले वाटण चमचा-चमचा करून ताटलीत गोठवावे आणि मग पिशवीत भरावे. एका रश्शाला एक-दोन गोळे पुरतात.

खरेदीचे वर्ष

फेब्रुवारी ते एप्रिल हा मुख्य हंगाम. त्या वेळी घरोघरी वर्षाच्या मसाल्यासाठी मिरची घेतली जाते, पेठेत नवा माल येतो, नवा बेदाणा बाजारात उतरतो आणि मका वाळवायला ऊनही असते. पावसाळ्यात भोपळ्याची फुले आणि घोळ घ्यावी. खरिपाचा नवा घेवडा दिवाळीच्या सुमारास येतो, आणि अंबाडीची बोंडे थंडीत मिळतात. मिरची आणल्यावर दोन दिवस ऊन द्यावे, देठ तसेच ठेवून हवाबंद डब्यात भरावी, आणि जूनचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी तो डबा फ्रीजमध्ये न्यावा. कृष्णाकाठच्या ओलसर हवेत उघडी ठेवलेली ब्याडगी महिन्याभरात लिबलिबीत होते आणि तिचा वास जातो.